पहिली गिटार जुनी करण्याआधी

तुला नवी इलेक्ट्रिक गिटार बनवून ती वर्षानुवर्षं वाजवल्यासारखी जुनी दिसेल अशी करायची आहे, आणि बॉडीसाठी तू वाड्याच्या तुळईचं सागवान घेतलंस. लाकूड सुरेख आहे, पण सागवान ऑल्डरपेक्षा (अशा गिटारींच्या बॉडीसाठी नेहमी वापरतात ते लाकूड) चांगलंच जड आणि तेलकट असतं. रंधा मारण्याआधी आतले खिळे शोध आणि फवारणीआधी पृष्ठभाग थिनरने पुसून घे, नाहीतर लॅकर धरणार नाही.

लॅकर नायट्रोसेल्युलोजच वापर. फर्निचरवाले त्याला एनसी म्हणतात. पॉलियुरेथेनला 1950च्या दशकातल्या गिटारींसारखे बारीक तडे जात नाहीत. थर पातळ ठेव. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी फवारलंस तर थेंब लाकडावर पोचण्याआधीच सुकतात, फिनिश खरखरीत होतं. पावसाळ्यात दमटपणाने पांढुरकं पडतं. मी पहाटे, अंगणात, मास्क लावूनच फवारतो. जवळपास चूल किंवा ठिणगी नको, हे फार पेटतं.

मग किमान महिनाभर हात लावू नकोस. मी घाई केली होती, तेव्हा तडे न जाता लॅकर नुसतं दबलं.

झीज मात्र मनाने पाडू नकोस. वाजवणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकतो, पट्ट्याचं बक्कल मागे जिथे घासतं, अंगठा मानेवर जिथे फिरतो, तिथेच रंग जातो. माझ्या मते नवशिके इथेच चुकतात, सगळीकडे सारखे ओरखडे काढतात. एक जुनी, रोज वाजलेली गिटार तासभर निरखून बघ.

स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 648 मिमी ठेवणार असशील तर ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाची) जागा दोनदा मोज, मगच भोकं पाड.