बोलावणे कुठे आले?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काकांच्या घरच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली म्हणून आत्याआजी का रुसली, तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता सगळे तर त्यात होते, असे तू काल विचारलेस. तेव्हा घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली, म्हणून आता लिहितो.

आपल्याकडे लग्नाचे कळणे वेगळे आणि लग्नाचे बोलावणे वेगळे. पूर्वी पहिली अक्षत देवापुढे ठेवून मग घरोघरी जाऊन अक्षत देत. 'अक्षत देणे' याचा अर्थच निमंत्रण देणे असा झाला आहे. पुढे छापील पत्रिका आली आणि बरीच पायपीट वाचली. तेही एक तंत्रज्ञानच, पण त्याला जरा संकोच होता, असे मला वाटते. कारण 'नजरचुकीने आमंत्रण द्यायचे राहिले असल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' अशी ओळ पत्रिकेच्या तळाशी असे आणि कोपऱ्यांना हळदकुंकू मात्र हातानेच लावावे लागे. माझ्या लग्नाच्या वेळी आजोबा खिशात नावांची वही घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसत, आणि जिथे चहा घेतला नाही त्या घराच्या नावापुढे खूण करीत नसत.

आता गंमत पाहा. संदेश पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही हे कळावे, म्हणून २०१८ पासून व्हॉट्सअ‍ॅप त्यावर 'फॉरवर्डेड' असे दाखवते. काकांनी छापखान्याची पीडीएफ तशीच पुढे ढकलली, त्यामुळे आत्याआजीला पत्रिकेतल्या गणपतीच्याही वर आधी तो शब्द दिसला. नोकरी सांभाळून शेकडो घरी जाणे काकांना शक्य नव्हते, हे मला मान्य आहे; पण वडीलधाऱ्यांची घरे चार-पाचच होती. आपल्यालाही पत्रिका तशीच आली आणि मला काहीच वाटले नाही, कारण आपण जाणार नाही हे दोन्हीकडे गृहीत होते. हे लिहिताना मात्र जरा टोचले.

काका परवा पत्रिका घेऊन तिच्याकडे जाऊन आले. फोनवर ती तिने आधीच मोठी करकरून वाचली होती, तरी चष्मा लावून तिने ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचली आणि मग काकांना विचारले, 'चहा घेणार ना?'

तुझा,
बाबा