बेटांवरचे सगळेच किडे कधी ना कधी बाहेरून आलेले, मग 'मूळचे' आणि 'बाहेरचे' हा भेद कशाला? आणि हवाईला एअरपोर्टवर झाडं-फळं एवढी का तपासतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण अगदी हेच माझ्या मोठ्या दिरांनी आमच्या अंगणात उभं राहून मला ऐकवलं होतं. "हे बेटच लाव्हा वर येऊन झालंय, इथे कोण मूळचं? मुंगी काय, माशी काय, तू काय नि मी काय, सगळे बाहेरचेच." त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही, नुसता आवाज चढला माझा. आज शांतपणे देते.

आम्ही हवाईच्या बिग आयलंड या बेटावर हिलोच्या बाजूला राहतो, दीर-जाऊबाई त्याच बेटावरच्या पूना जिल्ह्यात (आपलं पुणे नव्हे). नवीन घरात आलो तेव्हा भाऊजी तीन कुंड्या घेऊन आले, दोन पाम आणि एक हेलिकोनिया, त्यांनी स्वतः वाढवलेली, खरंच देखणी झाडं होती. मी फक्त एवढंच म्हटलं की आठवडाभर गॅरेजबाहेर ठेवूया आणि मुंग्या पकडायच्या काड्या लावून बघूया, कारण लिटल फायर अँट ही डंख मारणारी बारीक मुंगी बिग आयलंडवर पहिल्यांदा सापडली ती 1999 मध्ये आणि तीही पूनातच, आणि ती पसरते मुख्यतः कुंड्यांमधून, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. भाऊजींना राग आला. घरच्या माणसाने दिलेल्या झाडाची तपासणी करणार का तुम्ही, म्हणाले. नवरा म्हणाला जाऊ दे ना. मी जाऊ दिलं.

साधारण चार महिन्यांनी ॲव्होकाडोच्या झाडाखाली उभी होते आणि एकदम मानेवर, कॉलरच्या आत निखारा ठेवल्यासारखं झालं. एक नाही, सात-आठ ठिकाणी. ही मुंगी झाडावर राहते आणि वारा सुटला, फांदी हलली की खाली पडते, पडली की कपड्यात अडकते आणि डंख मारते. गांधी उठल्या त्या चार दिवस खाजत होत्या. पण ते सोडा, माणूस सहन करतो. आमचं मांजर अंगणात झोपायचं, त्याच्या डाव्या डोळ्यात दुधाळ ठिपका दिसायला लागला, मग उजव्या. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, घरी मुंग्या आहेत का. या भागातल्या कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत असे डाग खूप दिसतात म्हणाले.

मग काड्या लावल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चॉपस्टिकच्या टोकाला पीनट बटर अगदी पातळ फासायचं, गोळा लावायचा नाही, कुंडीत, झाडाच्या बेचक्यात, सावलीत ओल असेल तिथे ठेवायची, तासाभराने काडी तशीच झिपलॉकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. मी बारा लावल्या, नऊवर मुंग्या. सकाळी पांढऱ्या कागदावर झटकल्या तेव्हा फिकट केशरी तिखटाची चिमूट सांडल्यासारखं दिसत होतं. एक मुंगी जेमतेम दीड मिलिमीटर, म्हणजे इथल्या पेनीची जाडी जेवढी तेवढी तिची लांबी. हळू चालते, सगळ्या सारख्याच आकाराच्या. तीन कुंड्यांपैकी हेलिकोनियाच्या पानांच्या देठात, जिथे पाणी साठतं त्याच्या जरा वर, अख्खं घरटं होतं, पांढरी अंडी-अळ्या आणि त्यात तीन राण्या. एका वारुळाला एक राणी असा हिशोब या मुंगीत नाहीच, अनेक राण्या असतात आणि शेजारची घरटी एकमेकांशी भांडत नाहीत, त्यामुळे अख्खं अंगण म्हणजे एकच वसाहत होऊन बसते.

भाऊजींना फोन केला तर ते दुसऱ्या दिवशी स्प्रे घेऊन आले आणि घराच्या पायाभोवती मारून गेले, झालं म्हणाले. यावर मी आजही भांडायला तयार आहे. जमिनीवर दिसणाऱ्या कामकरी मुंग्या मारून काहीही होत नाही, राण्या घरट्यांत असतात, आणि घरटी झाडावरही असतात. त्याला आमिषच लागतं, जे मुंग्या स्वतः उचलून घरट्यात नेतील आणि राणीला, अळ्यांना भरवतील, आणि ते जेलसारखं असावं लागतं कारण पाऊस इतका की दाणेदार आमिष भिजून वाया जातं, आणि ते झाडाच्या खोडावर, फांद्यांवर, वरपर्यंत मारावं लागतं. दर सहा आठवड्यांनी, आठ वेळा. वर्ष गेलं आमचं. एक फेरी पावसामुळे चुकली तर पुढच्या तपासणीत दोन काड्या परत भरलेल्या.

आणि या वर्षातच एका रविवारी भाऊजींनी ते वाक्य टाकलं. तर आता उत्तर.

बाहेरून आले सगळे, मान्य. पण किती वेळाने आले ते बघा. माणूस यायच्या आधी हवाईत किडे पोचले ते वाऱ्याने, तरंगत्या ओंडक्यावर, पक्ष्याच्या पिसांत अडकून, आणि इथल्या मूळच्या पाच हजारांहून जास्त जाती अशा काही शे पूर्वजांपासूनच झाल्या. लाखो वर्षांत काही शे! म्हणजे हजारो वर्षांतून एखादा पाहुणा आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांना रुळायला भरपूर वेळ. आता वर्षाला पंधरा-वीस नवे कीटक इथे मुक्काम ठोकतात. हा वेग निसर्गाचा नाही, आपल्या कंटेनरचा आणि कुंड्यांचा आहे.

दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे कोण आलंच नव्हतं. हवाईत एकही मूळची मुंगी नाही. डास नव्हते, पोळी करून राहणाऱ्या गांधीलमाश्या नव्हत्या. त्यामुळे जे आले त्यांनी रिकाम्या जागा भरल्या आणि अशी रूपं घेतली की जगात दुसरीकडे बघायला मिळत नाहीत. मी स्वतः पाहिलेलं सांगते. वरच्या जंगलात ओहिया नावाच्या इथल्या झाडाच्या पानाच्या कडेला एक हिरवी बारीक अळी होती, मागच्या पायांनी पान धरून, बाकीचं अंग काडीसारखं ताठ. मला दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं हलू नका. एक छोटी माशी चालत चालत तिच्या शेपटाकडच्या केसांना लागली आणि अळी अशी मागे फिरली की मला फिरताना दिसलीच नाही, दिसलं ते डायरेक्ट माशी तिच्या पुढच्या पायांत धरलेली. अळी, म्हणजे पतंगाची अळी, जी सगळीकडे पाला खाते, ती इथे शिकार करते. 1970 च्या दशकात हे उघड झालं तोपर्यंत कोणाला माहीतही नव्हतं. दुसरी एक अळी गोगलगायीला रेशमाने पानाला बांधून टाकते आणि मग शंखात शिरून खाते.

आता माणूस येईपर्यंत या मंडळींच्या कोणत्याच पिढीने इथे मुंगी पाहिलेली नव्हती. पळायचं कसं, अंडी कुठे लपवायची, अंगाला घाण वास कसा आणायचा, काही येत नाही. किनाऱ्यावर नाउपाकाच्या झुडपांत पिवळ्या तोंडाच्या मधमाश्या असतात, काळ्या, छोट्याशा, बघून गांधीलमाशीच वाटेल, परागकण पायाला न लावता गिळून पोटात घेऊन जातात. पोकळ काड्यांत, प्रवाळाच्या भोकांत अंडी घालतात आणि मुंगी त्या भोकात सहज जाते. त्यातल्या सात जाती 2016 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेल्या, त्या यादीतल्या त्या पहिल्याच मधमाश्या. डासांचं तर विचारूच नका, 1826 च्या सुमाराला माउईवर लहायनाला एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून आले असं मानतात, आणि पुढे पक्ष्यांचा मलेरिया त्यांच्यातूनच पसरला. इथल्या रानपक्ष्यांना त्याची सवय नव्हती. आज बरेचसे पक्षी फक्त उंचावर उरलेत, जिथे डासाला थंडी सोसत नाही.

फक्त हवाईचं आहे असंही नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस आयलंडवर यलो क्रेझी अँट नावाची बाहेरून आलेली मुंगी आणि गोड चिकट रस सोडणारी खवले कीड यांची जोडी जमली, रस मिळतोय म्हणून मुंग्यांच्या प्रचंड वसाहती झाल्या आणि त्यांनी फॉर्मिक ॲसिड फवारून एक ते दीड कोटी लाल खेकडे मारल्याचा अंदाज आहे. त्या जंगलात गळलेली पानं खाऊन जमीन साफ ठेवणारे तेच खेकडे, ते गेले तिथे रोपांची दाटी झाली, जंगलाचा चेहराच बदलला. सेंट हेलेना बेटाचा आठ सेंटिमीटरचा इअरविग, म्हणजे शेपटीला चिमटा असलेला किडा, 1967 नंतर कोणाला जिवंत दिसला नाही. लॉर्ड हाऊ बेटाची हाताच्या पंजाएवढी काडीकिडी 1918 मध्ये जहाजातून उतरलेल्या उंदरांनी संपवली असं सगळे समजत होते आणि 2001 मध्ये शेजारच्या एका उभ्या सुळक्यावर, एका झुडपाखाली चोवीस सापडल्या.

आता हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर अर्धवट होईल. बाहेरून आलेला प्रत्येक किडा वाईट नसतो, बहुतेक येतात आणि कोणाच्या अध्यात-मध्यात न पडता राहतात. कधी मुद्दाम आणावाही लागतो, 2005 मध्ये विलीविलीच्या झाडांवर गाठी करणारी चिमुकली गांधीलमाशी आली आणि झाडं मरायला लागली तेव्हा पूर्व आफ्रिकेतून तिच्या अळ्या खाणारी दुसरी आणली, तपासण्या करून 2008 मध्ये सोडली, आणि बरीच झाडं वाचली. मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही, अंगणात वर्ष घालवून आणि विचारून विचारून जे कळलं ते लिहितेय.

एअरपोर्टचं थोडक्यात: फॉर्म खरा भरा, झाड-माती-फळ असेल ते दाखवा, बूट घासून या. आणि बेटा-बेटांमध्ये झाड न्यायचं तर तेही तपासून घ्यावं लागतं, घरचं झाड आहे हे कारण चालत नाही. आमचं शेवटचं भांडण यावरूनच झालं, भाऊजींना हेलिकोनियाचा एक गड्डा ओआहू बेटावर मुलीकडे न्यायचा होता, बॅगेत घालून, मी नाही म्हटलं आणि त्यानंतर दोन वर्षं बोलणं नाही.

आमच्याकडे गेल्या चार तपासण्यांत सगळ्या काड्या कोऱ्या निघाल्या. मांजराच्या डोळ्यांतले डाग राहिलेत पण त्याला दिसतं.

भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर, हेलिकोनिया अजून न्यायचीच असेल तर मी येते, काड्या घेऊन येते, तासभर लागेल, मग इन्स्पेक्शनलाही मीच घेऊन जाईन.