सायकल चालवल्यावर हात आणि खांदे का दुखतात?
म्हापसा ते पणजी सायकल चालवल्यावर खांदे आणि हात दुखतात म्हणता, तर आधी सीट बघा. तिचं टोक खाली झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर, तिथून खांद्यांवर येतो. हँडल फार लांब किंवा खाली असलं तरी तेच. कोपरं ताठ ठेवू नका, किंचित वाकवा. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर तर हे फार गरजेचं आहे, नाहीतर खड्ड्याचा दणका थेट खांद्यात जातो. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर बहुधा मनगटाजवळची नस दाबली जातेय. पकड सैल करा, हातांची जागा बदलत राहा. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पण हात दुखताना छातीवर दाब, दरदरून घाम किंवा धाप असेल तर अजिबात वेळ घालवू नका, लगेच १०८ ला फोन करा.