गादी बदलू की खुर्ची? कंबर आणि खुब्याच्या दुखण्यावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कंबरदुखीवर प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर एकच: 'कोणती गादी घेऊ?' पण दुखतं नेमकं कुठे आणि कधी, सकाळी उठताना, बसून उठताना की कुशीवर वळताना, हे कळल्याशिवाय गादीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. ज्यांनी जागा आणि वेळ नीट लिहून पाठवली, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न: वय ५४. कंबर दुखत होती म्हणून दोन वर्षांपूर्वी दुकानदाराच्या सांगण्यावरून 'ऑर्थो' नावाची कडक गादी घेतली. कंबरेला थोडं बरं वाटलं, पण आता उजव्या कुशीवर झोपलं की खुब्याचं हाड ठणकतं आणि मध्यरात्री जाग येते. डाव्या कुशीवर वळलं तरी उजवा खुबा ओढतोच. जिना चढताना आणि एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते. पुन्हा मऊ गादी घ्यावी का? (वाचक, नाशिक)

उत्तर: लगेच नको. आधी दुखणं कुठलं ते बघू. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला जो हाडाचा उंचवटा लागतो, त्यावर नितंबाच्या दोन स्नायूंच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) येऊन चिकटतात. चाळिशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, या कंडरा कमकुवत होऊन दुखू लागतात. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी याच दुखण्याकडे बोट दाखवतात. उजव्या कुशीवर झोपलं की कडक गादी कंडरेला थेट हाडावर दाबते. डाव्या कुशीवर वळलं की वरचा उजवा पाय गुडघ्यातून पुढे आणि खाली पडतो, त्यामुळे तीच कंडरा हाडावरून ताणली जाते. म्हणून कूस बदलूनही सुटका होत नाही.

आहे त्याच गादीवर जाडसर गोधडी दुहेरी घालून किंवा दोन इंचांचा मऊ फोमचा थर टाकून दोन आठवडे झोपून बघा. डाव्या कुशीवर झोपताना दोन पायांमध्ये उशी हवी, पण ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरली पाहिजे. नुसती गुडघ्यात धरली तर पाऊल खाली लोंबतं, खुबा आतल्या बाजूला वळतो आणि उशीचा काही फायदा होत नाही. घरात बैठकीचा लोड असेल तर तो या कामाला उत्तम. उताणं झोपायचं असेल तर तोच गुडघ्यांखाली घ्या.

रात्रीचं दुखणं दिवसाच्या सवयींनीही वाढतं. ओट्यापाशी एका पायावर भार देऊन, कंबर एका बाजूला काढून उभं राहणं, पायावर पाय टाकून बसणं, खोल बुटक्या सोफ्यात रुतणं, या तिन्हींत कंडरा हाडावर दाबली जाते. 'खुबा मोकळा करायला' म्हणून पाय छातीकडे ओलांडून ओढण्याचा व्यायामही सध्या बंद करा. त्या वेळी छान वाटतं, रात्री ठणका वाढतो.

व्यायाम दोनच, पण रोज. उताणं झोपून गुडघे वाकवा, दोन्ही गुडघ्यांच्या वर ओढणी बांधा आणि गुडघे बाहेरच्या बाजूला हलकेच दाबा. ओढणी ताणली जावी, पाय फारसे हलू नयेत. १५ ते २० सेकंद धरा, असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा सेतुबंध: त्याच स्थितीत टाचा दाबून कंबर उचला, तीन सेकंद थांबा, सावकाश खाली या. दहाचे दोन फेरे. मांडीमागे पेटका आला तर टाचा नितंबांच्या जरा जवळ घ्या. तीन आठवड्यांनी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि चार इंचांच्या पायरीवर हळू चढणं-उतरणं वाढवा. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर फेरे निम्मे करा. फरक जाणवायला आठ ते बारा आठवडे लागतात. ऑस्ट्रेलियात याच दुखण्याच्या २०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सवयी बदलून व्यायाम करणाऱ्यांचा गट आठ आठवड्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा पुढे होता. त्यामुळे इंजेक्शनची घाई करू नका.

आणि 'ऑर्थो'चं म्हणाल तर ते विक्रीचं नाव आहे, वैद्यकीय शिफारस नव्हे. कंबरदुखीला फळीसारखं कडक अंथरूण लागतं ही समजूत तपासायला स्पेनमध्ये ३१३ रुग्णांना नव्या गाद्या दिल्या होत्या, काहींना कडक, काहींना मध्यम. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी मध्यम गादीवाल्यांचं दुखणं आणि हालचालींतली अडचण जास्त कमी झाली होती.

प्रश्न: आमच्याकडे पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या कापसाच्या गाद्या आहेत. मुलं म्हणतात मेमरी फोम घ्या. काय घ्यावं, किती इंचांचं? सकाळी उठताना कंबर आखडलेली असते, अर्ध्या तासात सुटते. (वाचक, सोलापूर)

उत्तर: कापसाची गादी वाईट नाही, गाठी झालेली आणि कंबरेखाली खड्डा पडलेली गादी वाईट. गादीवर आडवी काठी ठेवा आणि खड्ड्याच्या जागी पट्टीने खोली मोजा. दीड इंचाहून जास्त भरली तर कापूस पुन्हा पिंजून घ्यायची वेळ झाली. एरवी महिन्यातून एकदा ऊन आणि प्रत्येक वेळी डोक्याची बाजू पायाशी, एवढं पुरतं.

पैसे खर्च करण्याआधी एक आठवडा तीच गादी जमिनीवर टाकून झोपा. सकाळचं आखडणं कमी झालं तर दोष पलंगाचा. पेटीच्या पलंगावरचं पातळ प्लायवुड मधोमध वाकतं आणि वर कितीही चांगली गादी टाकली तरी तिला तोच बाक येतो. मधे एक आडवी पट्टी ठोकून घेतली की काम होतं. सुतार तासाभरात करून देईल.

फोमच घ्यायचा असेल तर लेबलवरचे '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' हे आकडे नीट समजून घ्या. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच ते सांगतात. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो कडक की मऊ ते कळत नाही. दुकानदार मात्र दोन्हीची सर्रास गल्लत करतात. मुख्य थर २८ च्या खालचा असेल तर तो लवकर बसतो. जुन्या फोमचे तुकडे दाबून केलेला रीबाँडेड फोम बराच कडक असतो, तो खालच्या थरात ठीक, त्याच्यावर दीड-दोन इंच मऊ थर हवा. मेमरी फोम उबेने मऊ पडतो आणि अंगाची उष्णता धरून ठेवतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो रात्रभर तापेल, शिवाय त्यात रुतून बसल्यामुळे कूस बदलायला जोर लागेल. मी तुमच्या जागी तो घेणार नाही. एकूण जाडी पाच-सहा इंच पुरे, वजन ८० किलोंच्या वर असेल तर सहा ते आठ.

दुकानात नुसतं बसून किंवा हाताने दाबून बघू नका. आपण नेहमी झोपतो तसं दहा मिनिटं पडा. उताणं असताना कंबरेखालून हात सरकवा: सहज आरपार गेला तर गादी कडक, घुसतच नसेल तर तुम्ही रुतलाय, थोडा घासत गेला तर बरोबर.

प्रश्न: वय ३४, आयटीत आहे. आठवड्यातून चार दिवस घरून काम, डायनिंग टेबलावर लॅपटॉप. दुपारी चारपर्यंत कंबर भरून येते, संध्याकाळी चालून आलं की बरं वाटतं. पंधरा हजारांची खुर्ची घेऊ का? (वाचक, पुणे)

उत्तर: चालून बरं वाटतं, यात अर्धं उत्तर आलंच आहे. सलग न हलता बसणं हेच तुमचं दुखणं, आणि त्यावर खुर्चीचा इलाज अर्धवटच चालतो.

तरी आहे त्या खुर्चीत काय करता येईल ते बघा. डायनिंगची खुर्ची साधारण १८ इंच उंच असते, टेबल ३० इंच. पावलं पूर्ण टेकत नसतील तर पायांखाली पाट घ्या, नाहीतर मांडीच्या मागे दाब येतो आणि माणूस पुढे घसरत घसरत माकडहाडावर येऊन बसतो. तसं बसलं की कंबरेचा नैसर्गिक बाक उलटा होतो. खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर असावेत. पाठ टेकवल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत तीन बोटांची जागा राहायला हवी. बैठक त्याहून खोल असेल तर पाठीमागे उशी घाला. टॉवेलची चार इंच जाड गुंडाळी करून कमरेच्या पट्ट्याच्या जरा वर, पाठीच्या खळग्यात ठेवा. ती नितंबांमागे सरकली तर उलट तुम्हालाच पुढे ढकलते, म्हणून दोरीने खुर्चीला बांधून टाका. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा आणि वेगळा कीबोर्ड-माउस घ्या. हा खर्च हजारभर रुपयांत भागतो आणि त्याचा उपयोग खुर्चीपेक्षा आधी दिसतो, कारण मान खाली गेली की पाठोपाठ कंबरही वाकते.

मागच्या खिशात पाकीट असेल तर बसताना काढून ठेवा. दर अर्ध्या तासाने उठा. दोन मिनिटं पुरतात: पाणी आणा, फोन उभ्याने घ्या, कमरेवर हात ठेवून पाच वेळा हळूच मागे वाका. हे सगळं करूनही सहा आठवड्यांत फरक नसेल तर खुर्ची घ्या. बैठकीची उंची आणि खोली, दोन्ही बदलता येत असेल तरच. हेडरेस्टवर पैसे घालू नका.

चालणं संध्याकाळपुरतं ठेवू नका. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कंबरदुखीतून बरे झालेल्या या लोकांपैकी एका गटाला सहा महिन्यांत हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं होतं. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला २०८ दिवस लागले, असं चालणं न ठरवून दिलेल्या गटात ११२.

प्रश्न: वय ४७. पहाटे साडेपाचला उठून लगेच २४ सूर्यनमस्कार घालतो. थंडीत दोनदा उसण भरली. सूर्यनमस्कार सोडावे लागतील का? (वाचक, सातारा)

उत्तर: सोडू नका, वेळ बदला. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा टरटरीत चकतीवर पुढे वाकण्याचा ताण दिवसापेक्षा बराच जास्त येतो, आणि एका नमस्कारात तुम्ही हस्तपादासनात दोनदा जाता. म्हणजे उठल्या उठल्या ४८ वेळा पूर्ण ओणवं होणं. थंडीचा दोष त्यामानाने कमी.

उठल्यावर तासभर जाऊ द्या. तोवर घरात किंवा अंगणात फिरा. त्या तासात बादली उचलणं, वाकून केर काढणं, मोजे घालायला ओणवं होणं हेही टाळा. मग मार्जरासन (रांगत्या स्थितीत पाठ हळू वर-खाली करणं) आठ-दहा वेळा, आणि रांगत्या स्थितीत एक हात व विरुद्ध पाय सरळ करून आठ सेकंद, दोन्ही बाजूंनी सहा-सहा वेळा. यात कंबर एका बाजूला कलते ही नेहमीची चूक. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून पाय तेवढाच उचला. मग सहा नमस्कारांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला दोन वाढवा. हस्तपादासनात गुडघे मोकळे वाकवा आणि तळवे जमिनीला टेकवायचा हट्ट सोडा. भुजंगासनात कोपरं किंचित वाकलेली ठेवा. नेहमीची उसण काही दिवसांत उतरते, पण कळ गुडघ्याखाली उतरत असेल तर नमस्कार थांबवून तपासून घ्या.

प्रश्न: कंबरेचा पट्टा दिवसभर वापरला तर चालेल का? (वाचक, परभणी)

उत्तर: नाही. तीव्र दुखण्याच्या पहिल्या दोन-चार दिवसांत, प्रवासात किंवा ओझं उचलताना तासा-दोन तासांपुरता ठीक. उरलेल्या वेळी काढून ठेवा. मात्र लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, पाऊल उचलताना लुळं पडत असेल, तर पट्टा नाही, व्यायामही नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं आणि विश्रांतीतही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी आधी करून घ्या.

प्रश्न: वय ३९. तीन महिन्यांपासून जांघेत दुखतं, कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत येते. मांडी घालून बसता येत नाही, पायाची नखं कापता येत नाहीत. दीड वर्षापूर्वी त्वचेच्या आजारासाठी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. एक्स-रे स्वच्छ आहे. गादी बदलून झाली, मालिशही झाली. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: हा गादीचा प्रश्न नाही, आणि मालिश आजपासून बंद करा. जांघेतलं दुखणं आणि मांडी घालताना अडणारा पाय हे खुब्याच्या सांध्याचं लक्षण आहे. कंबरेचं दुखणं सहसा मागे, नितंबाकडे जातं. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेनंतर, किंवा दारूच्या जुन्या सवयीत, मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून खचू शकतो. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. अस्थिरोगतज्ज्ञांना स्टिरॉइडचा इतिहास स्वतःहून सांगा आणि दोन्ही खुब्यांचा एमआरआय करायचा का ते विचारा, कारण दुसऱ्या बाजूलाही तो बऱ्याचदा सापडतो. गोळा खचण्याआधी निदान झालं तर सांधा वाचवण्याचे पर्याय उरतात.

तपासणी होईपर्यंत जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, धावणं आणि उड्या बंद. कमोड वापरा. चालताना काठी घ्या, पण दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. त्याच बाजूच्या हातात धरली तर खुब्यावरचा भार फारसा कमी होत नाही. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यावी. लांब असेल तर खालून कापून रबरी टोपी पुन्हा बसवा.