वाचकांचे प्रश्न : शिडाच्या नौकेवरचा रोजचा संसार

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही संगणकावर घरून काम करतो आणि साधारण ११ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर कायमचे राहायला जाण्याचा विचार करत आहोत. सागरप्रवासाची वर्णने आम्ही पुष्कळ वाचली, परंतु नौका एका जागी नांगरलेली असताना पाणी आणि वीज कशी पुरवायची, हे त्यांतून नीट समजत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण नौकेवर राहणाऱ्या बहुतेकांचा बराचसा काळ नांगरावर किंवा धक्क्याला लागूनच जातो. या लांबीच्या नौकेत गोड्या पाण्याच्या टाक्या साधारणपणे २०० ते ४०० लिटरच्या असतात. दोघांनी मिळून दिवसाला ३० लिटर वापरले, तर ३०० लिटर पाणी १० दिवस पुरते. मात्र त्यासाठी भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळावी लागतात आणि विजेच्या पंपाऐवजी पायाने दाबायचा पंप वापरावा लागतो, कारण पाय उचलला की पाणी थांबते. कपडे मात्र खाऱ्या पाण्यात धुऊ नयेत. मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि ते कपडे पूर्ण वाळतच नाहीत. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बसवणार असाल, तर ते गढूळ किंवा तेलकट बंदरात चालवू नये. त्याची पातळ गाळणी तेलाने खराब होते, आणि तिला क्लोरीनही सोसत नाही.

विजेचा हिशोब नौका घेण्यापूर्वीच कागदावर मांडावा. प्रत्येकी ५० वॅटचे दोन लॅपटॉप ८ तास चालले, तर ८०० वॅट-तास खर्च होतात. लहान फ्रीजला उष्ण हवेत दिवसाला सुमारे ५०० वॅट-तास लागतात, आणि दिवे, पंप व इंटरनेट यांचा खर्च वेगळाच. ३०० वॅटची सौर पॅनेले चांगल्या उन्हातही दिवसभरात सुमारे १,२०० वॅट-तासच देतात, म्हणजे तेवढ्यावर आपले भागणार नाही. माझ्या मते किमान ६०० वॅटची तयारी ठेवावी, कारण डोलकाठी आणि शिडाचा आडवा दांडा यांची सावली पॅनेलच्या थोड्याशा भागावर पडली, तरी वीज बरीच घटते. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याहून अधिक रिकाम्या केल्या की लवकर निकामी होतात; लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्यांतून सुमारे ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते.

आता एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते : ओल. नवे रहिवासी पाण्याच्या टाकीकडे जेवढे लक्ष देतात, तेवढे या ओलीकडे देत नाहीत, आणि थंड हवेत नौका सोडून जाण्याची वेळ अनेकदा हीच आणते. माणसाच्या श्वासातून आणि घामातून सतत वाफ बाहेर पडत असते. त्यात स्वयंपाकाचा गॅस जळताना भर पडते, कारण एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. ही सारी वाफ रात्री नौकेच्या थंड भिंतीवर आणि गादीच्या खालच्या बाजूला पाणी होऊन साचते, आणि आठवडाभरात बुरशी दिसू लागते. म्हणून गादीखाली सलग फळी न ठेवता फटी असलेल्या पट्ट्यांची चौकट ठेवावी, कपाटांच्या दारांना जाळी बसवावी, आणि थंडी असली तरी छतावरची एक खिडकी पुढे व एक मागे किंचित उघडी ठेवून हवा खेळती राहू द्यावी. पुस्तके आणि उबदार कपडे भिंतीला टेकवून कधीही ठेवू नयेत.

प्रश्न : नौकेवर गॅसची शेगडी वापरणे धोक्याचे आहे का?

उत्तर : नियम पाळल्यास नाही, पण धोक्याचे कारण समजून घ्यावे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. घरात तो दारातून बाहेर जाऊ शकतो. नौकेत मात्र गळलेला गॅस तळाच्या पोकळीत उतरतो आणि तिथेच साचून राहतो, मग विजेच्या पंपाची एखादी ठिणगीही स्फोटाला पुरते. त्यामुळे सिलिंडर बाहेरच्या स्वतंत्र, नौकेच्या आतल्या बाजूने हवाबंद असलेल्या कप्प्यात असावा आणि त्या कप्प्याच्या तळाचे छिद्र थेट नौकेबाहेर उघडावे. स्वयंपाक संपल्यावर शेगडीबरोबर सिलिंडरची झडपही बंद करावी, आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा (गॅस अर्धवट जळल्यास तयार होणाऱ्या विषारी वायूचा) इशारा देणारे यंत्र अवश्य लावावे.

प्रश्न : नांगरावर असताना रात्री शांत झोप लागते का?

उत्तर : पुरेशी साखळी सोडली असेल, तर लागते. खोली मोजताना भरतीची वाढ आणि पाण्यापासून नौकेच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची मिळवावी : ५ मीटर पाणी, २ मीटर भरती आणि १ मीटर नाळ, असे ८ मीटर झाले, तर त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी सोडावी, आणि वारा वाढण्याची चिन्हे असतील तर सातपट. मात्र नौका वळताना शेजारच्या नौकेला लागणार नाही, एवढी मोकळी जागा आधी पाहावी. सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा रात्रभर लावावा, आणि नौका ठरलेल्या वर्तुळाबाहेर सरकल्यास वाजणारा जीपीएसचा गजर डोक्याशी ठेवून झोपावे.