भाषा घेऊ की हक्क?

प्रश्न: ताई, मला पदवीनंतर आदिवासी अभ्यास हा विषय घेऊन युनिव्हर्सिटीत पुढे शिकायचंय. भाषा, संस्कृती आणि हक्क असे तीन गट आहेत, त्यातला एक निवडायचा. सगळे म्हणतात हक्क घे, भाषा घेऊन काय करणार, बोलणारेच उरत नाहीत. माझं मन मात्र भाषेत आहे. आणि मी स्वतः आदिवासी नाही, मग मी हा विषय शिकणं बरोबर आहे का?

उत्तर: अगं, भाषाच घे, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये. तीन गट पाडलेत ते टाइमटेबलच्या सोयीसाठी, बाहेर हक्काची लढाई कितीतरी वेळा भाषेतच लढली जाते. कॅनडातली डेलगामूक केस बघ. ब्रिटिश कोलंबियातल्या गित्क्सान आणि वेट्सुवेटेन लोकांच्या प्रमुखांनी सुमारे 58,000 चौरस किलोमीटर जमिनीवर दावा लावला, आता जमीन आपली हे दाखवायचं कसं, कागद तर नव्हते, होत्या त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या घराण्यांच्या कथा आणि गाणी, आणि जमीन कुणाची, कुठपर्यंत, हे त्यातच होतं. एका वयस्कर बाईंनी कोर्टात त्यांचं गाणं म्हटलं तर न्यायाधीश म्हणाले, मला गाण्याचा कान नाही. 1991 ला निकाल विरुद्ध गेला. 1997 ला मात्र सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तोंडी इतिहासाला कागदी पुराव्याच्या बरोबरीची जागा द्या, आणि केस नव्याने चालवायला सांगितली. जमीन लगेच हातात आली नाही, पण 2014 ला त्याच प्रांतातल्या त्सिल्कोटिन लोकांची मालकी मान्य झाली ती याच पायावर. आता सांग, ते गाणं समजणारं कुणी नसतं तर वकिलाने कोर्टात काय मांडलं असतं?

बोलणारे उरत नाहीत म्हणून भाषा सोडायची हेही मला पटत नाही. अमेरिकेतली वांपनोआग भाषा शंभरहून जास्त वर्षं कुणी बोलत नव्हतं. त्याच समाजातल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी एमआयटीत भाषाशास्त्र शिकून 2000 साली मास्टर्स केलं, जुनी कागदपत्रं आणि 1663 साली त्या भाषेत छापलेलं बायबल यांच्यावरून व्याकरण पुन्हा उभं केलं, आणि स्वतःच्या मुलीला लहानपणापासून ती भाषा बोलायला शिकवली. मला तर हे वाचताना दरवेळी भरून येतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा कठीण आहे. शिकणं बरोबरच आहे, पण पाहुण्यासारखं शिक. ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांनी 1990 पासून संशोधकांना रक्ताचे नमुने दिले ते डायबेटीसच्या अभ्यासासाठी म्हणून, आणि तेच नमुने नंतर स्किझोफ्रेनियावरच्या आणि हे लोक मुळात कुठून आले असल्या रिसर्चला वापरले गेले, त्यांना न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं, 2010 ला तडजोड झाली, 7 लाख डॉलर मिळाले आणि नमुने परत आले. रेकॉर्डिंगचंही तसंच असतं गं, आजीने विश्वासाने गाणं म्हटलं म्हणजे ते तुझ्या थिसिसचं झालं असं नाही. काही गाणी ठरावीक घराण्याचीच असतात, काही ठरावीक वेळीच म्हणतात, आणि नाही म्हटलं तर रेकॉर्डर बंद करायचा, मग चॅप्टर अर्धा राहिला तरी चालेल.

हक्कांचे एक-दोन पेपर जोडीला घेच, आणि संयुक्त राष्ट्रांचा आदिवासींच्या हक्कांवरचा 2007 चा जाहीरनामा मुळातून वाच, फार मोठा नाहीये.

ॲडमिशनच्या आधी डिपार्टमेंटला तीन गोष्टी विचार: शिकवणाऱ्यांमध्ये त्या समाजातले किती जण आहेत, भाषा बोलायला शिकवतात की नुसतं तिच्याबद्दल शिकवतात, आणि विद्यार्थ्यांनी केलेली रेकॉर्डिंग शेवटी कुणाकडे राहतात. तिसऱ्या प्रश्नाला कुणी गडबडलं तर दुसरं डिपार्टमेंट बघ.