मैदानावरचे प्रश्न

प्रश्न: मी बडोद्यात एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ सरावात कुणालाही हार जात नाही, पण यंदा अंतिम सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत तीन फाऊल केले आणि हातातला डाव घालवला. मी त्यांना बजावलं होतं, ‘शाळेची इज्जत तुमच्या हातात आहे, टेन्शन घेऊ नका.’ त्यांची मानसिक तयारी कशी करून घ्यावी?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर: ताई, आधी त्या वाक्याबद्दल बोलतो. शाळेची इज्जत हातात दिलीत आणि वर टेन्शन घेऊ नका म्हणालात! आपल्या गावात ‘टेन्शन नहीं लेवानुं’ हे दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, त्याने आजवर कुणाचं उतरलंय? छाती धडधडणारच. धडधडू दे. धडधडत असताना काय करायचं, तेवढं त्यांना शिकवा.

तुम्ही सोबत पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. तिन्ही फाऊल बसलेल्या मुलींचे आहेत. तिसऱ्या चौकोनातली पोरगी पाठीवर हात पडायच्या आत उठली. शिट्टी झाली, सगळ्यांचा ताल गेला, आणि लगेच पुढच्या दोघींनी तेच केलं. धावणारी मात्र शेवटपर्यंत चोख होती. खो-खोत हे असंच होतं. एक धावते, आठ जणी बसून असतात. धावणारीला घाबरायला सवड नसते. बसलेलीला भरपूर असते. ती फलक बघते, घड्याळ बघते, तुमचा चेहरा बघते आणि उतावळी होते. म्हणून तयारी या आठ जणींची करा.

बसलेलीला डोळ्यांचं काम द्या. समोरच्या खेळाडूची कंबर कुठे वळतेय ते बघायचं, बाकी काही नाही. उठायचं ते पाठीवर हात आणि कानावर ‘खो’ पडल्यावरच. ‘फाऊल करू नका’ असं ओरडू नका; त्याने लक्ष नेमकं फाऊलवर जातं. घाईचं म्हणाल तर नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्राचे संशोधक गायर योर्डेट यांनी फुटबॉलमधल्या पेनल्टी तपासल्या, तेव्हा शिट्टी होताच घाईने चेंडू मारणारे जास्त चुकताना दिसले.

आता सराव. रोज पूर्ण डाव खेळवता, ते ठीक. आठवड्यातून दोनदा फक्त शेवटची दोन मिनिटं खेळवा. फळ्यावर लिहा: ‘दोन मिनिटं, तीन गडी हवेत.’ आठवीचा वर्ग कडेला उभा करून त्यांना मनसोक्त कालवा करू द्या. पंच बाहेरचा आणा आणि त्याला एक निर्णय मुद्दाम चुकीचा द्यायला सांगा. मुली तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील, तेव्हा खांद्यावरून पलीकडे बघत राहा. आणि मोबाईल लावून सगळं चित्रित करा. 2001 साली बेलॉक आणि कार या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्यावर, प्रयोग केले. ज्यांनी कॅमेऱ्यासमोर सराव केला होता, त्यांचा खेळ पुढे दडपणाखाली ढासळला नाही. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, याचीच सवय व्हावी लागते. अलाहिदा डावही, म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा डाव, असाच खेळवून घ्या, नाहीतर तो पहिल्यांदा खेळायची वेळ थेट स्पर्धेतच येईल.

फाऊल तर होणारच. तो झाल्यावर मैदान एकदम गप्प होतं ना, ते मला जास्त खटकतं. तुमच्या व्हिडिओत पहिल्या फाऊलनंतर एकही मुलगी बोललेली ऐकू येत नाही. एका थोरल्या मुलीवर काम सोपवा: शिट्टी झाली की तिने मोठ्याने दिशा सांगायची, ‘चला, खांबाकडे!’ आणि सगळ्यांनी ‘हो’ म्हणायचं. चुकलेलीला समजावणं वगैरे सामना संपल्यावर. संरक्षणाची दुसरी तुकडी बाहेर थांबलेली असते, तिला श्वासाचं सांगा: घेतला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. त्याने धडधड थोडी उतरते. पण हेही सरावात करून घेतलं तरच. ऐन वेळी सांगाल तर आणखी गोंधळ.

आणि इज्जत मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटात ठेवा, तिथे ती सुरक्षित राहील.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. क्रिकेटच्या प्रत्येक सामन्याआधी त्याला उलटी होते. खेळतो चांगला. बंद करावं का?
– एक पालक, मांजलपूर

उत्तर: चांगला खेळतोय ना, मग बंद कशाला? सामन्याच्या दोन-तीन तास आधी हलकं काहीतरी द्या, केळं किंवा मऊ भात, सेव-उसळ सामन्यानंतर. एरवीही उलट्या होत असतील किंवा वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि गाडीत बसल्यापासून ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारत असाल, तर पुढचे चार सामने त्याला काकाबरोबर पाठवून बघा.